तणावा की खोळंबा?

(एकपात्री विनोदी प्रयोग)

रंगमंच : मध्ये टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या. उजवीकडे चकतीसारखा गुंडाळलेला, आपोआप उघडणारा तंबू. डावीकडे चार चाके ठोकलेला लाकडी पाट, पुढे ओढायची दोरी. व्याख्याता काळ्या कोटात. चेहरा अखेरपर्यंत गंभीर. तो हसला तर प्रयोग फसला.

व्याख्याता : घराबाहेर रात्र काढण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात घर पिशवीत भरून नेतात, तो तंबू. (तंबूकडे बोट.) दुसऱ्यात घरालाच चाके लावतात, ती कॅराव्हॅन ऊर्फ घरगाडी. (पाटाकडे बोट. पाट जरा सरकतो.) दाराची किल्ली हरवणे हा तिसरा प्रकार प्रचलित असला, तरी त्यात निवड नसते. म्हणून तो येथे गाळला आहे.

करवीर तालुक्यातील उचगाव हे गाव या विषयाच्या अभ्यासाला सोयीचे आहे. गावाला लागून गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ. महामार्गाने थोडे गेले की शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्या. एका अंगाला कापड, दुसऱ्या अंगाला लोखंड. तंबू कापडाचा, गाडी लोखंडाची. मधून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, आणि त्याच्या कडेला दोन्हीकडे बघत एक कुटुंब उभे असते : आबा, आज्जी, थोरला मुलगा, सूनबाई, दोन पोरे आणि सुट्टीला आलेले दाजी. एकूण सात. दाजी म्हणजे घरच्या लेकीचा नवरा. तो प्रत्येक गोष्ट ठरवतो आणि कोणतीही गोष्ट उचलत नाही.

(पाणी पितो.)

इतिहास. मराठी मुलखाला तंबूची खरी ओळख शत्रूच्या तंबूमुळे झाली. औरंगजेब बादशहाने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे दक्षिणेतल्या छावण्यांत काढली. 1689 साली संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण तुळापूरच्या छावणीत शिरले, तणावे तोडले आणि बादशाही डेऱ्याचे सोन्याचे कळस घेऊन परतले, असे सांगतात. तणावा म्हणजे तंबूचा ताणदोर. या प्रसंगातून तंबूशास्त्राला पहिला सिद्धांत मिळाला : तंबू आतून कितीही भारी असो, तो बाहेरच्या दोरावर उभा असतो. पुढे 1701 मध्ये बादशहा स्वतः पन्हाळ्याच्या वेढ्यावर मुक्कामाला होता. हा मुक्काम बराच लांबला, कारण खर्च सरकारी तिजोरीतून होत होता.

तंबूचा उपयोग भक्तीसाठीही झाला. आळंदीहून निघणाऱ्या माऊलींच्या पालखीला तंबू आणि घोडे देण्याचा मान चिकोडी भागातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचा आहे.

निव्वळ हौसेने तंबूत राहण्याची चाल इंग्लंडात रुजवली थॉमस हायरम होल्डिंग याने. 1901 मध्ये त्याने सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना काढली, 1908 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. होल्डिंगचा धंदा शिंप्याचा. शिंप्याने लोकांना कापडाच्या घरात राहायला सांगावे, यात नवल नाही.

घरगाडीचा मान विल्यम गॉर्डन स्टेबल्स या आरमारातल्या निवृत्त डॉक्टरकडे जातो. 1885 मध्ये त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यातून दोन घोड्यांची घरगाडी बांधून घेतली. गाडी एवढी मोठी, की रस्ता मोकळा करायला नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. उचगावात हे काम दाजी करतात. ते गाडीच्या पुढे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणतात आणि गाडी भिंतीला लागल्यावर "बास!" म्हणतात.

(तंबू उचलतो.)

तंबूची रचना. उघडण्यास दोन सेकंद लागतात.

(पट्टा सोडतो. तंबू झडप घालून उघडतो. टेबल हलते. व्याख्याता तांब्या वरच्या वर झेलतो आणि न थांबता पुढे बोलतो.)

तंबूवर "चार माणसे" असे छापलेले असते. कारखानदार माणसाची रुंदी साधारण 60 सेंटीमीटर धरतो. या मापाचा माणूस उचगावात पहिली-दुसरीच्या वर्गात आढळतो. पुढे तालीम, दूधकट्टा आणि तांबडा-पांढरा रस्सा यांच्या एकत्रित परिणामाने मापे बदलतात. चार माणसांच्या तंबूत दोन माणसे आणि त्यांच्या पिशव्या मावतात. सात जणांना चार तंबू लागतात. चार तंबू म्हटले की कोण कोणाबरोबर झोपणार हा प्रश्न येतो, आणि दाजी घोरतात ही माहिती प्रथमच उघड होते.

जागा. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार जांभ्या दगडाचे आहे. जांभ्यात खुंटी ठोकली की खुंटी वाकते. दुसरी ठोकली की दुसरीही वाकते. तिसरी वाकल्यावर थोरला मुलगा उरलेले तणावे दगडांना बांधतो. खुंट्या आपण आणल्या होत्या, हे तो घरी सांगत नाही.

पाऊस. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तंबूचे नायलॉनचे कापड भिजले की सैल पडते. तणावे रात्रीत पुन्हा ओढावे लागतात. नियम असा की जो जागा असेल त्याने उठावे. म्हणून रात्री दोनला सातही माणसे झोपेचे सोंग घेतात. दाजींचे घोरणे तेवढ्यापुरते थांबते, त्यावरून ते जागे असल्याचे कळते. पाऊस नसला तरी कोरडेपणाची खात्री नाही. झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून रात्रभर वाफ सोडतो. ती थंड कापडावर जमते आणि पहाटे थेंबाथेंबाने परत मिळते. तंबू पाणी कमावतो, असे शास्त्र सांगते. "तंबू गळतोय," असे आज्जी सांगते. यावर उपाय एकच : वरची खिडकी उघडी ठेवणे. तो आज्जीला मान्य नाही. खिडकीतून थंडी येते.

वन्यप्राणी. दाजीपूर परिसरात गवे आहेत. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या घरात जाते. तंबूचे वजन चार किलो. या दोन आकड्यांवर अधिक भाष्याची गरज नाही. म्हणून मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच आणि परवानगीनेच करावा.

(तंबू मिटण्याचा प्रयत्न करतो. एक बाजू दाबली की दुसरी उसळते.)

मिटण्यास लागणारा वेळ निश्चित नाही.

(तंबू डोक्यावरून अंगात येतो. आता फक्त तोंड खिडकीतून दिसते. आवाजात फरक नाही.)

घरगाडी. 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅराव्हॅनमध्ये पलंग, ओटा, फ्रीज, संडास हे सारे असते. सूनबाईने सुट्टीसाठी ज्या ओट्यापासून सुटका मागितली होती, तोच ओटा येथे महामार्गावरून तिच्या मागे येतो. तिच्याकडून या सोयीचे स्वागत झाल्याची नोंद नाही.

पाणी. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. सात जणांचे झाले 945. लहान कॅराव्हॅनची टाकी शंभर लिटर धरली, तर माणशी चौदा लिटर. म्हणजे एक बादली. त्यातच आंघोळ, त्यातच भांडी, त्यातच चहा. पहिल्या दिवशी धाकट्या पोराने अर्धा तास शॉवर घेतला, की प्रवासाचे उरलेले दिवस पाणी शोधण्यात जातात.

वीज. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट. एक टनाचा एसी ती तासाभरात संपवतो. सबब, गारव्यासाठी रात्री खिडक्या उघडाव्या लागतात आणि घरगाडी आणि तंबू यांच्यातला फरक कमी होतो. डास हा फरक पूर्ण मिटवतात.

संडास. गाडीतल्या संडासाखाली वीसेक लिटरचा डबा असतो. तो भरतो. भरलेला डबा कोणी रिकामा करायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले नाही. कौटुंबिक बैठकीत दाजींचे नाव एकमताने सुचते. त्याच संध्याकाळी दाजींना गावाकडून महत्त्वाचा फोन येतो.

उंची. घरगाडी सहज पावणेतीन-तीन मीटर उंच असते. महामार्गाच्या पुलाखालून ती जाते. गावठाणातल्या गल्लीत मात्र लोंबत्या वायरी, चिंचेची फांदी आणि गणपतीच्या मांडवाची कमान या तीन परीक्षा असतात. फोंडा किंवा करूळच्या घाटात वळणांची चौथी.

(तंबूतून एक हात बाहेर काढून पाटाची दोरी धरतो.)

स्थानिक पद्धत. या प्रश्नाचा अभ्यास कोल्हापूरने फार पूर्वी केला आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लमाच्या यात्रेसाठी इथली माणसे दोनेकशे किलोमीटरवरच्या सौंदत्तीला जातात. गल्लीगल्लीतून एसटी ठरवली जाते. या व्यवहाराचे सरकारी नाव प्रासंगिक करार. एसटीत माणसे, शिधा, चुली, भांडी आणि देवीचा जग, म्हणजे टोपलीतली देवी. डोंगरावर पोचल्यावर गाडीशेजारी राहुट्या. गाडी वाहते, राहुटी झोपवते, चूल रांधते. कोणावरच दुसऱ्याचे काम पडत नाही.

यात एकच अडचण असते. गाडी यात्रेत नुसती उभी राहते त्याचे तासावर पैसे पडतात. त्याला खोळंबा आकार म्हणतात. तो कमी करावा, अशी मागणी भाविकांच्या संघटना करीत आल्या आहेत. घरगाडी विकत घेणारा या बाबतीत अधिक उदार आढळतो. त्याची गाडी वर्षातून दहा दिवस चालते आणि 355 दिवस अंगणात उभी राहते. तिचा खोळंबा आकार तो स्वतःच भरतो. त्याला हप्ता असे वेगळे नाव आहे. त्या 355 दिवसांत आज्जी गाडीत शेंगा वाळत घालते, हा फायदा हिशेबात धरावा लागतो.

निवड. यावरून निष्कर्ष काढता येतात. दोन-तीन तरणी माणसे, चालायची वाट, कोरडा हंगाम, एक-दोन रात्री : तंबू. म्हातारी माणसे, लहान मुले, लांबचा डांबरी रस्ता : घरगाडी, तीही भाड्याने. भाड्याच्या गाडीचा खोळंबा दुसऱ्याच्या अंगणात होतो. माणसे जास्त आणि मुक्काम देवाचा : एसटी आणि राहुटी. थोडक्यात, तंबूत तणावा सांभाळावा लागतो, गाडीत खोळंबा. ज्याला जे सोसते त्याने ते घ्यावे.

उचगावच्या कुटुंबात या प्रश्नावर मतदान झाले. पोरे गाडीच्या बाजूने, थोरला मुलगा तंबूच्या, आबा एसटीच्या. दाजी निर्णय देणार, तेवढ्यात आज्जीने मत मांडले : "घर संगट न्यायचं असंल, तर घरातनं भायेर कशापाय पडायचं?" या मताचा प्रतिवाद अद्याप कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. सूनबाईने त्याला अनुमोदन दिले आणि ती चार दिवस एकटी माहेरी गेली. ओटा तिच्या मागे गेला नाही.

शेवटी एक उपप्रकार. ट्रेलरवर घडी करून ठेवलेला आणि मुक्कामी उघडणारा तंबूही मिळतो. त्यात दोन्हींचे गुण एकत्र येतात.

(तंबूसकट पाटावर बसतो. पाट हळूहळू विंगेकडे घरंगळतो. व्याख्याता खिडकीतून प्रेक्षकांकडे गंभीरपणे बघतो.)

दोषही.

(विंगेत भांडी पडल्याचा आवाज. आतून दाजींचा आवाज : "बास!")

(पडदा.)