दौतीकर

बँकेत स्लिप भरताना कुणी ‘जरा पेन देता का?’ म्हटलं, की बाकीची माणसं खिशात हात घालतात. दौतीकर खिशावर हात ठेवतात.

त्यांच्या खिशात पेनं दोन. एक पाच रुपयांचं बॉलपेन, ते लोकांना द्यायला. दुसरं एबोनाइटचं, ड्रॉपरनं शाई भरायचं. ते लोकांना सांगायला. ‘निब दुसऱ्याच्या हाताला वळते हो,’ हे वाक्य ते अशा सुरात म्हणतात की समोरच्याला वाटावं, आपण चुकून किडनीच मागितली. मग पाठोपाठ इतिहास येतो. पेन राजमहेंद्रीचं. तिथल्या रत्नम यांनी गांधीजींना स्वदेशी पेन करून पाठवलं आणि 1935 साली गांधीजींनी पत्र लिहून त्याची तारीफ केली. हे सांगताना दौतीकरांचा ऊर भरून येतो. पेनात भरलेली शाई मात्र जर्मन असते.

पेन गळतं, असं त्यांच्या घरात म्हणायची सोय नाही.

‘अहो, खिशाला पुन्हा डाग पडलाय.’

‘गळलेलं नाही ते. आतली शाई संपत आली की हवा वाढते. अंगाच्या उबेनं हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. साधं विज्ञान आहे!’

‘बरं. मग शर्ट विज्ञानानंच धुवा.’

शास्त्र बिनचूक आहे, यात शंका नाही. शर्टही गेलेला आहे, यातही नाही.

रविवारी सकाळी अशा चार-पाच दौतीकरांची बैठक बसते. टेबलावर बाटल्या, टीपकागद, जुनी फडकी. चहा लांब, खिडकीत. इथं मात्र पेन दुसऱ्याच्या हातात जातं, पण लेकीची पाठवणी करावी तसं, सूचनांसकट: दाब देऊ नका, उलटं धरू नका, टोपण मागे लावू नका. घेणारा श्वास रोखून ‘श्री’ काढतो. मग स्वतःची सही. मग ‘हे पेन छान चालते’. एवढं झालं की त्याचं वाङ्मय संपतं आणि पेन पुढच्याकडे सरकतं. वह्याच्या वह्या अशा भरल्या आहेत. वर्षानुवर्षं ही मंडळी पेन छान चालतं एवढंच लिहीत आली आहेत, आणि अजून कुणाचं समाधान झालेलं नाही.

वाद मात्र जोरात होतात. 1941 साली आलेल्या पार्कर 51ची निब झाकलेली होती. चिनी हीरोनं पुढे तोच तोंडवळा उचलला. त्यामुळे वडिलांच्या खिशातलं हीरो मुलांच्या आठवणीत हळूहळू पार्कर होत जातं. अशा वडिलांची संख्या दर रविवारी वाढते. माँब्लाँच्या मोठ्या पेनाच्या निबेवर 4810 हा आकडा कोरलेला असतो, त्याच नावाच्या पर्वताची मीटरमधली उंची. तो आकडा पाठ असतो तो, ज्यांच्याकडे ते पेन नाही त्यांना. सर्वांत ज्येष्ठ दौतीकर या भानगडीत पडत नाहीत. ते दांडेकरांच्या ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुडीपासून सुरुवात करतात, म्हणजे 1931 पासून, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत जेमतेम स्वातंत्र्यापाशी पोचतात.

एवढ्या सरंजामानिशी लिहायचं काय, हा प्रश्न उरतोच. पत्रं कुणाला हवी आहेत? भाच्याला एक पाठवलं, त्यानं घाबरून फोन केला, ‘मामा, सगळं ठीक आहे ना?’ चेकसुद्धा आता क्वचित. राहता राहिली वाणसामानाची यादी. ती दौतीकर मन लावून लिहितात. निळी शाई सुकल्यावर कडेला तांबूस झळकते, म्हणून तूरडाळीतला ‘तू’ जरा ठसठशीत. एकदा वाण्याच्या ओल्या अंगठ्याखाली अर्धा किलो शेंगदाणे पुसले गेले, तेव्हापासून काकू यादी परस्पर व्हॉट्सअॅपवर टाकतात. दौतीकरांना हे ठाऊक आहे, तरी लिहितात. सामान घरी येऊन डब्यात भरूनही होतं, यादी अजून पंख्याखाली वाळत असते.