पांढरी पाचची वीज

आपली वीज पेटीवरच्या पांढरी पाचमध्ये गाते. सेकंदाला ५० आवर्तनं घेणाऱ्या प्रवाहाची गुणगुण कर्ण्यातून बाहेर पडते, तेव्हा ती त्या सुराच्या अगदी लगत, किंचित चढी लागते; कधी एक सप्तक वर. साउंडवाले तिला नुसतं ‘हम’ म्हणतात. २०१३च्या अखेरीस दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे मंडप एकाच सुरावर घुमू लागले. मागणी वाढली की ही आवर्तनं जराशी घटतात, म्हणजे भर उन्हाळ्यात अख्खा देश सूतभर उतरतो. या समूहगानात बीड जिल्ह्याचाही गळा आहे, परळीच्या औष्णिक केंद्राचा. २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावं लागलं होतं. घसा कोरडा पडल्यावर कोण गाणार? अडचण एवढीच, की एखाद्या कीर्तनकार महाराजांची पट्टी काळी एक असली तर पांढरी पाच हा त्यांचा तीव्र मध्यम होतो. महाराज तल्लीन होऊन भूप आळवत असतात आणि वीज कंपनी त्यात वर्ज्य स्वर धरून बसलेली असते.

हा स्वर यंत्राच्या पोटात शिरू नये म्हणून लहान साउंड मिक्सर करणाऱ्यांनी ट्रान्सफॉर्मरच डब्याबाहेर काढला आणि वायरीच्या टोकाला बांधला. त्याचं चुंबकीय क्षेत्र माइकच्या मिलिव्होल्टांपासून जितकं लांब तितकं बरं. घोरणाऱ्या आजोबांची बाज ओसरीवर हलवावी, तसा हा अडाप्टर. घर चालतं त्यांच्याच जिवावर, पण झोपायचं मात्र बाहेर. सप्ताहाच्या मंडपात तो टेबलाखाली, जाजमाच्या कडेला, चपलांच्या शेजारी ऊन होऊन पडलेला असतो. बोर्डावर दोन पिनांची जागा एकटाच अडवतो, म्हणून मोबाइल चार्जिंगला लावायला आलेला पोरगा आधी त्यालाच उपटतो. मिक्सरमधून कंडेन्सर माइकला जाणाऱ्या ४८ व्होल्टांची कुळकथा तर आणखी लांबची. १९६६ साली नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी माइक केले. तिथे आणीबाणीच्या दिव्यांकरता ४८ व्होल्टांची सोय आधीच होती, तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला. नॉर्वेच्या हिवाळी अंधारातला आकडा पाटोद्याच्या माळावर ‘रामकृष्णहरी’ म्हणतो, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि मग, ऐन रंगात, लाइट जाते. अडाप्टर मुका, मिक्सर मुका. विणेकऱ्याला मात्र पत्ताही लागत नाही. पहारा बदलताना वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, खाली टेकत नाही. तेवढ्यात कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणतं. अँप्लिफायरच्या मशीनमागे लाल-काळे चिमटे लागतात, माइकची पिन थेट मशीनमध्ये जाते, आणि महाराजांचा आवाज असा स्वच्छ येतो की टाळकरीसुद्धा वळून बघतात. बॅटरीच्या प्रवाहाला आवर्तनच नाही, तर तो गुणगुणणार कसा? भारनियमनातच कीर्तन सगळ्यात सुरेल होतं, हे वीज कंपनीला कोण सांगणार!

थोड्या वेळाने लाइट येते. पोरं ओरडतात. साउंडवाला मात्र चिमट्यांना हात लावत नाही. “एवढा अभंग होऊ द्या माउली, मग बदलतो,” म्हणतो. मागे ट्रॅक्टरवाला ताटकळत उभा असतो. “तुमचा अभंग होईल हो माउली, पण मला घरी जायचंय. ट्रॅक्टर काय हरिनामावर चालू होतो का?”