तीनशेचा प्लॅन, शंभराचं दार

आमचा राउटर २०१२ सालचा. तेव्हापासून तो फ्रिजवर, क्रोशाच्या रुमालाखाली बसून आहे. रुमाल धुळीसाठी. रात्री अकराला त्याचं बटण मी स्वतः बंद करतो, वीज फुकट येत नाही.

गेल्या महिन्यात मी पन्नासचा प्लॅन सोडून तीनशेचा घेतला. एमबीपीएस म्हणजे काय ते कळत नसलं, तरी पन्नासापेक्षा तीनशे जास्त एवढं शाळेत शिकलो होतो. पण लेकीची मीटिंग अडकायची ती अडकतच राहिली, आणि सौ.च्या मालिकेत ऐन रडण्याच्या जागी ते गोल चक्र फिरायचं तेही फिरतच राहिलं. मी नेटवाल्याला फोन करून खडसावलं. पोरगा आला, त्यानं रुमाल उचलला आणि हसला.

"काका, याचं पोर्ट शंभराचं आहे. बाहेर तीनशे आले तरी आत चौऱ्याण्णव-पंचाण्णवच्या वर जाणार नाहीत."

म्हणजे दोनशेच्या वर मंडळी दर सेकंदाला माझ्या दारात ताटकळतात, आणि त्यांचे पैसे मी भरतो!

मी माळ्यावरून राउटरचं खोकं काढलं. (आहे, थर्माकोलसकट आहे. वॉरंटी संपली म्हणून खोकं थोडंच टाकायचं?) त्यावर ठळक अक्षरांत ३००.

"तो आकडा हवेतला, काका."

खरंच हवेतला निघाला. दोन्ही अँटेना, रुंद चॅनेल आणि आजूबाजूला दुसरा वायफाय नाही, असं जमलं तर कागदोपत्री तीनशे. हातात पडतात निम्मे, तेही नशीब असेल तर. डोंबिवलीत आजूबाजूला कोणी नाही! २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आमच्या विंगेत फ्लॅट बत्तीस. तीन नळ आणि बत्तीस हंडे, त्यात कोणाचा तरी मायक्रोवेव्ह मध्येच घुसून त्याच पट्ट्यात पापड भाजतो. नव्या राउटरना ५ गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टाही मिळतो म्हणे, पण तो भिंतींना बिचकतो. आमच्याकडे भिंतीपुढे लोखंडी कपाटही आहे.

"नवा घ्या," पोरगा म्हणाला.

चांगला चालता राउटर बदलायचा? सगळे दिवे हिरवे लागतात! १९९५ साली व्हीएसएनएलचं इंटरनेट आलं तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९.६ किलोबिट मिळायचे, आणि लोक त्यावरही खूश होते, हे मी घरच्यांना ऐकवलं.

"बाबा, तेव्हा लोक ऑफिसला जायचे," लेक म्हणाली, आणि परस्पर नवा राउटर मागवून मोकळी झाली. चार अँटेना, गिगाबिटची पोर्ट. जोडला, वेग मोजला. ९४!

मला झालेला आनंद मी लपवला नाही. पोरग्याला पुन्हा बोलावलं. त्यानं या खेपेला राउटरकडे पाहिलंच नाही, दारापासून फ्रिजपर्यंत आलेली वायर उपसली.

"काका, आत आठ तारा असतात. शंभराला चार पुरतात, पुढे आठही लागतात. इथे चारच जोडल्यात. बाकीच्या कुठे गेल्या?"

मी रुमालाची घडी घालू लागलो. तेवढ्यात शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या आणि दारावरची बेल खणखणीत वाजली. २०१३ साली मीच बसवली आहे ती, वेगळ्या वायरीचा एक पैसा खर्च न करता.