खाली काय दिलंय?

नानांना लग्नाला जरूर बोलवावं, पोटभर जेवू घालावं, पण स्टेजवर चढू देऊ नये. बीड बायपासवरच्या एका मंगल कार्यालयात शेजाऱ्यांच्या मुलीचं रिसेप्शन होतं. नवरा-नवरी ताटकळून उभी, फोटोग्राफर 'इकडे बघा, इकडे' करतोय, शुभेच्छा देणाऱ्यांची रांग पार जेवणाच्या काउंटरला भिडलेली, आणि नाना आहेराचं पाकीट दातांत धरून गुडघ्यांवर बसलेले. एका हाताने स्टेजची झालर वर केली, दुसऱ्या हाताने मोबाइलची बॅटरी आत मारली आणि पाकीट काढून थेट नवरदेवाला विचारलं, "खाली काय दिलंय?" पोरगा घाबरला. म्हणाला, "काही नाही हो काका, आम्ही त्यांच्याकडून एक रुपया घेतलेला नाही!"

हा नमुना तुमच्या ओळखीचा आहे. बसण्याआधी खुर्ची उलटी करणारा, नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला तीर्थ घ्यायच्या आधी पार्किंगमधले कॉलम वाजवून येणारा. लोक सोफ्याचं कापड बघतात, हा सोफ्याखाली डोकं घालतो. कॉलनीत कुणाचं लग्न जमल्याची बातमी नानांना सांगा. मुलगा पुण्यात, आयटीत, घरचं चांगलं, सगळं ऐकून घेतील आणि म्हणतील, "ते झालं वरचं. खाली काय दिलंय?"

पाटबंधारे खात्यात उभी नोकरी झाल्यावर माणूस थोडा असा होणारच, हे मान्य. पण दुखणं विकोपाला गेलं ते डेकमुळे. सातारा परिसरात नानांचं घर आहे, मागे मोकळी जागा आहे. तिथं लाकडी फळ्यांचा दहा बाय चौदा फुटांचा डेक करायचा, संध्याकाळी खुर्च्या टाकून बसायचं, एवढीच कल्पना. ती आली टोरांटोहून. मुलाकडे गेले होते. सुनेने डेकवर चहा आणून ठेवला, तर सासरे गायब. ते डेकखाली पालथे पडून तुळया मोजत होते. तिकडे थंडीत जमीन गोठते आणि गोठताना फुगून वर उचलली जाते, म्हणून खांबाचा पाया चार फूट खोल न्यावा लागतो, हे त्यांना तिथं कळलं. त्याहून मोठा शोध म्हणजे, डेक जमिनीपासून उंच असेल तर तिथली पालिका परवानगी मागते आणि काँक्रीट ओतायच्या आधी तिचा माणूस येऊन खड्डे तपासतो. "फक्त खालचं बघायला सरकार पगार देतं!" नाना परत आल्यावर महिनाभर एवढंच सांगत होते. आपण चुकीच्या देशात निवृत्त झालो, असा एकूण सूर.

इथं जमीन गोठत नाही. पण नाना म्हणतात, आपल्याकडे काळी माती आहे, ती गोठल्याशिवायच फुगते. पावसाळ्यात पाणी पिऊन वर येते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर खांब ठेवला की तो वर्षातून दोनदा हलणार. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं. मग दर दिवाळीनंतर नाना दोरी लावायचे, तीन-चार-पाचच्या मापाने कोपरे गुण्यात घ्यायचे, फक्कीने रेषा मारायचे. खड्डे घ्यायच्या आधी एखादं माप दोन सूत चुकल्याचं ध्यानात यायचं. मग नवा नकाशा. तोवर पावसाळा, फक्की वाहून गेलेली. एकदाचे खड्डे झाले तर काकू म्हणाल्या, "एवढं खोदलंच आहे तर पाण्याची टाकी बांधा. नळ रोज कुठं येतोय?" नानांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की काकू आत जाऊन भाजी निवडू लागल्या.

मिस्त्री मात्र नजरेला भीक घालणारा नव्हता. पाणसळ हातात घेऊन उभ्या असलेल्या नानांना त्याने शांतपणे विचारलं, "साब, ओटला बनारे की जायकवाडी?" नानांना राग आला नाही. उलट ते खूश झाले आणि सांगत बसले, की जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. अकरा वर्षं! मिस्त्री बोटांवर काहीतरी मोजत होता. बहुधा रोजी.

पाहुणे आले की नाना त्यांना वेरूळला नेतात. कैलास लेण्यापाशी ते अस्वस्थ असतात. पहिल्या कृष्ण राजाच्या काळात डोंगराच्या माथ्यापासून कोरत कोरत खाली आलेलं देऊळ, म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी. "खाली अख्खा डोंगर होता म्हणून जमलं," असं म्हणून ते पाहुण्यांना पुढे हाकतात. त्यांचं खरं दैवत १० नंबरचं लेणं. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. आत स्तूपापुढे बुद्ध बसलेले आहेत आणि वर छताला दगडातच लाकडी कड्यांसारख्या फासळ्या कोरलेल्या आहेत, ओळीने, सारख्या अंतरावर. पाहुणे बुद्धाला नमस्कार करतात, नाना छताला. "ह्या कड्यांवर कसलाही भार नाही. डोंगर आपला आपण उभा आहे. नसत्या दिल्या तरी चाललं असतं. तरी दिल्या! ह्याला संस्कार म्हणतात." हे सांगताना त्यांचा आवाज जड होतो. एरवी तो मुलाच्या फोनवरही होत नाही.

वैताग येतो, पण एक सांगायला हवं. अंगणवाडीच्या गच्चीवरच्या टाकीच्या स्टँडखाली त्यांनी असंच डोकं घातलं होतं. "खाली काय दिलंय?" म्हणून जे अडून बसले, ते स्टँड बदलून घेईपर्यंत उठले नाहीत. जुना अँगल काढला तर गंजून इतका पोखरला होता, की हातात पापुद्रे आले. खाली पोरं खेळायची. आणि रस्त्याच्या भूमिपूजनाला त्यांनी कंत्राटदाराला तोच प्रश्न विचारला, तेव्हा कुणी हसलं नाही. पुढाऱ्यांनी घाईने नारळ फोडला.

शेवटी गेल्या उन्हाळ्यात सांगाडा उभा राहिला. खांब मातीला टेकू नयेत म्हणून लोखंडी बुटांवर इंचभर उचललेले, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. खांबांवर दुहेरी तुळया, तुळयांवर सोळा इंचांवर कड्या आणि प्रत्येक कडीच्या माथ्यावर डांबरी पट्टी, स्क्रूच्या भोकातून पाणी आत उतरू नये म्हणून. त्यावर फळ्या नाहीत. फळ्यांचे पैसे खालीच संपले.

मी नकाशा बघायला मागितला. भार धरला होता चौरस फुटाला चाळीस पौंड. एकूण अडीच हजार किलो, म्हणजे सत्तर किलोची छत्तीस माणसं. घरात राहतात दोघं. मी म्हटलं, नाना, छत्तीस कोण? त्यांनी कागद उलटा केला. मागे नावं होती. मुलगा, सून, नातवंडं, भाऊ-भावजया, खात्यातले मित्र, शेवटी आमच्या घरातली सगळी. त्यांतली दोन माणसं तर आता नाहीत. ते मी दाखवलं, तर नाना नकाशाची घडी करत म्हणाले, "नावं काढली तर भार बदलतो. मग सगळं गणित परत करावं लागेल."

सध्या त्या कड्यांवर काकूंनी दोडक्याचा वेल सोडला आहे आणि दिवाळीला मुलगा यायचं म्हणतोय. तेव्हा जुना वाडा उतरवताना निघालेल्या सागवानी फळ्या कुणाकडे असतील तर कळवा. इंचभर जाडी हवी. लांबी कमी असली तरी चालेल, सांधा कडीवर घेता येतो. एकशे चाळीस चौरस फूट लागतील, तूटफूट धरून दीडशे. न्यायला मी येईन. नानांना पाठवणार नाही, ते तुमच्या वाड्याचा पाया उकरत बसतील.