रजेच्या हिशेबाची वारी

चार दिवसांची किरकोळ रजा मंजूर होताच सावद्याच्या आमच्या एका स्नेह्यांच्या अंतःकरणात पदयात्रेची ऊर्मी उसळली. परंतु कोथळीहून निघणारी मुक्ताबाईंची पालखी पंढरपुरास पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ घेते, चैत्रात सप्तशृंगगडाकडे चालत निघणाऱ्या खानदेशी भाविकांनाही वाटेत मुक्कामामागून मुक्काम पडतात, आणि एवढे मार्ग आखताना पूर्वसूरींनी हजेरीपटाचा यत्किंचितही विचार केला नाही, अशी तक्रार त्यांनी भर बाजारात गुदरली. (सावद्याची केळी मात्र बसल्या जागी रेल्वेने दिल्ली गाठतात!) अखेर कोथळीच मुक्रर झाली: एक दिवस चालण्याचा, तीन दिवस पाय चेपून घेण्याचे. मुक्ताबाई तापीतीरी विजेच्या लखलखाटात अंतर्धान पावल्या, असे परंपरा सांगते. आमचे स्नेही वेशीबाहेर भेटलेल्या पहिल्याच रिक्षाच्या धुरात.