तारीख टाकणाऱ्या साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. आवक लिपिक साहेब,
फाइल नोंदणी विभाग,
मुक्काम : आमच्या घरातला प्रत्येक मोबाइल, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क.

विषय : आमच्या घराण्याचा साठ वर्षांचा इतिहास एकाच मंगळवारी दुपारी घडवून आणल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

सर्वप्रथम आपल्या कार्यतत्परतेला साष्टांग दंडवत. जुन्या मोबाइलमधले आणि जुन्या डिस्कवरचे फोटो नव्या संगणकावर आले, तेव्हा आपण एकही फाइल बिनशिक्क्याची सोडली नाहीत. धाकट्या काकांची मुंज, आत्याचं केळवण, आजीची पंचाहत्तरी, काकांच्या नातीचं बारसं आणि मधेच कुणीतरी काढून ठेवलेला गॅसच्या पावतीचा फोटो, सगळ्यांवर आजचीच तारीख. काका सोवळं नेसून भिक्षावळ मागताहेत आणि त्यांची नात त्याच दुपारी पाळण्यात पडली आहे. चार पिढ्यांची कार्यं एका बैठकीत उरकणारं दुसरं कार्यालय महाराष्ट्रात नसावं.

दफ्तरात कागद आला की आल्या दिवसाचा शिक्का हाणायचा आणि आत काय लिहिलं आहे ते वाचण्याच्या फंदात पडायचं नाही, ही थोर परंपरा आपण निष्ठेनं चालवता. आमचा राग शिक्क्यावर नाही. फाइल या डिस्कवर कधी आली, याची नोंद हवीच. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमांनाही अशा नोंदी लागतात. पण आपला शिक्काच घटनेची तारीख म्हणून मिरवू लागतो आणि फोटो लावून दाखवणारी भाबडी ॲपं त्यावर विश्वास ठेवतात, तेव्हा आम्हांला लेखणी उचलावी लागते.

विंडोजमधली आपली कामगिरी तर अलौकिक आहे. फाइल कॉपी केली की तिच्या 'तयार झाली' या रकान्यात आपण आजची तारीख घालता आणि 'बदल झाला' या रकान्यात जुनीच राहू देता. म्हणजे आजीच्या पंचाहत्तरीच्या फोटोत बदल झाला २०११ साली आणि त्या फोटोचा जन्म झाला या आठवड्यात. जन्माआधी पराक्रम गाजवणारे महापुरुष आम्ही पोथ्यांत ऐकले होते, आता ते आमच्या फोल्डरमध्ये नांदतात. फोन केबलनं जोडून फोटो उतरवले, तर अनेकदा हा दुसरा रकानाही आजचा होतो. तेवढीच विसंगती मिटते.

वाईट याचंच वाटतं, की खरी तारीख आपल्या टेबलावर असते. जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेनं १९९५ मध्ये 'एक्झिफ' नावाची पद्धत ठरवून दिली. कॅमेऱ्यानं बटण दाबल्याचा क्षण वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंदासह फाइलच्या पोटातच लिहायचा. फाइल कुठंही कॉपी करा, तो मजकूर तिच्याबरोबर जातो. विंडोजच्या फोल्डरमध्ये 'डेट टेकन' हा रकाना उघडला, की तो दिसतोही. पण तो रकाना आपण दर्शनी भागात ठेवत नाही. लोकांनी विचारलं तर दाखवायचा, हे धोरणही आपल्या परंपरेला धरूनच आहे.

मात्र त्या जपानी मंडळींनीही आपल्यासाठी एक फट ठेवली. वेळ लिहायला जागा दिली, पण ती वेळ कुठली, हे लिहायला दिली नाही. मुंबईकराला हा प्रश्न नवा नाही. देशात १९०६ पासून प्रमाणवेळ असतानाही मुंबईनं १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी वेळ जपली, ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. तेव्हाच्या शहाण्या माणसाला भेटीची वेळ सांगितली, तर तो आधी विचारी, "मुंबईची की रेल्वेची?" एवढा एक प्रश्न विचारायला एक्झिफला २०१६ साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या आवृत्तीत ही वेळ जागतिक वेळेच्या किती पुढं वा मागं आहे, हे लिहिण्याची सोय झाली.

या फटीतून काय काय आत येतं, ते आमच्या घरच्या लग्नावरून सांगतो. मे महिन्यातलं सांगलीचं लग्न, मुहूर्त दुपारी बारा वाजून चौदा मिनिटांचा. न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याच्या कॅमेऱ्यात तिकडचीच वेळ होती, आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागची. त्याच्या नोंदीप्रमाणे अक्षता पडल्या पहाटे दोन वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी. इथल्या फोटोग्राफरचे हळदीचे फोटो सकाळी आठचे. सगळे फोटो एकत्र करून क्रमानं लावले, तेव्हा नवरी आधी सप्तपदी चालून आली आणि मग अंगाला हळद लावून घ्यायला बसली. विहिणींचा रुसवा तर कारण घडायच्या आधीच निघालेला दिसला. लग्न जानेवारीत असतं, तर हा फरक साडेदहा तासांचा झाला असता, कारण तिकडं हिवाळ्यात घड्याळं बदलतात.

व्हिडिओंची तऱ्हा आणखी निराळी. एमपी-४ फाइलमध्ये वेळ जागतिक प्रमाणानं लिहायची असते आणि ती १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजायची असते. काही कॅमेरे हा नियम पाळतात, काही तिथं सरळ स्थानिक वेळ ठोकून देतात. त्यामुळं गणपतीत रात्री आठला काढलेले आरतीचे फोटो रात्रीच दिसतात, आणि त्याच आरतीचा व्हिडिओ काही ठिकाणी दुपारी अडीचला जाऊन बसतो. बाप्पाला दुपारच्या झोपेतून उठवून आरती केल्याचा हा पुरावा पुढच्या पिढीच्या हाती लागला, तर आमच्या धार्मिकतेविषयी काय बोललं जाईल?

आणि तारीख हरवलीच, तर आपले बंधू शून्यराव आहेतच. पुष्कळ संगणकांची कालगणना १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री, ग्रिनिचच्या वेळेनं सुरू होते. नोंदीत शून्य असलं, की भारतात ती वेळ पहाटे साडेपाचची दिसते. आमच्या पुतणीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातले काही फोटो त्या मुहूर्तावर आहेत. त्या पहाटे तिची आईसुद्धा जन्मली नव्हती.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचा प्रश्न तर मिटलेलाच असतो. फोटो म्हणून पाठवला, की तो लहान होतो आणि एक्झिफचा मजकूर गळून पडतो. फाइलच्या नावात तारीख राहते, पण ती निरोपाची. मावशीनं दहा वर्षांपूर्वीची पंढरपूरची वारी काल पाठवली असेल, तर मावशी काल वारीला गेली. हाच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते, पण मावशीला हे सांगण्याचं धाडस घरात अजून कुणी केलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. परवा एक जुना कृष्णधवल फोटो स्कॅन केला. आपण लगेच त्यावर वेळ घातलीत, सेकंदासकट. एक्झिफमध्ये फोटो काढल्याची तारीख आणि तो संगणकात आणल्याची तारीख असे दोन वेगळे रकाने आहेत, पण पुष्कळ स्कॅनर पहिला रकाना कोरा ठेवतात किंवा त्यातही आजचाच दिवस भरून मोकळे होतात. तो फोटो आजीला दाखवला. ती म्हणाली, "हा पानशेतच्या आदल्या वर्षीचा. धाकट्याला दात येत होते." पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ रोजी, म्हणजे फोटो १९६० चा. दुसरा एक दाखवला, तर म्हणाली, "कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतरचा. मागच्या भिंतीला तडा दिसतोय बघ." म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या पुढचा. तिसरा बहात्तरच्या दुष्काळातला निघाला, कारण अंगणातली विहीर कोरडी होती.

साहेब, आपली नोंद सेकंदापर्यंत अचूक आहे आणि साठ वर्षांनी खोटी आहे. आजीची नोंद एका वर्षानं इकडंतिकडं होईल, पण खरी आहे. आपल्या रकान्यात 'पानशेतच्या आदल्या वर्षी' हे लिहायला जागा नाही, आणि आजीला ते सांगायला कायमचा वेळ नाही. फोटो आपण कितीही वर्षं सांभाळाल, पण त्यात भिंतीला तडा का आहे, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

आपल्यात सुधारणा होईल, अशी आशा आम्ही सोडली आहे. म्हणून पुढीलप्रमाणे बंडाची नोटीस देत आहोत.

१. कॅनडाच्या फिल हार्वे यांनी २००३ पासून 'एक्झिफटूल' नावाचा प्रोग्रॅम फुकट उपलब्ध करून दिला आहे. फोटोच्या पोटातली तारीख वाचून ती हजारो फाइलींवर तो एका आज्ञेत परत चढवतो. आपल्या मंगळवारची विल्हेवाट आम्ही अशीच लावणार आहोत. पोटात तारीख नसेल, पण फाइलच्या नावात असेल, तर हा प्रोग्रॅम ती तिथूनही उचलतो. शिवाय आतला मजकूर बदलताना मूळ प्रत बाजूला ठेवतो. ही सवय आपणही लावून घ्यावी.

२. भाच्याच्या कॅमेऱ्यातल्या सगळ्या फोटोंना सरसकट साडेनऊ तास मिळवले जातील. एकेक फोटो दुरुस्त करत बसणार नाही. पुढच्या लग्नात प्रत्येक कॅमेऱ्यानं पहिला फोटो एकाच मोबाइलच्या घड्याळाचा काढायचा, म्हणजे कुणाचं घड्याळ किती चुकलं, हे आपोआप कळेल.

३. गूगल फोटोजमध्ये बदललेली तारीख मूळ फाइलच्या पोटात लिहिली जात नाही. सगळा संग्रह एकदम उतरवून घेतला, तर ती शेजारच्या वेगळ्या फाइलीत येते. म्हणून दुरुस्ती मूळ फाइलमध्ये करून मगच फोटो तिकडं चढवले जातील.

४. आजीनं सांगितलेलं वर्ष तारखेच्या रकान्यात जाईल आणि तिचं वाक्य, दातांसकट, वर्णनाच्या रकान्यात. तारीख अंदाजाची असेल, तर तसं स्पष्ट लिहिलं जाईल. हे काम या दिवाळीच्या आत होईल, कारण विचारायला माणूस घरात आहे.

५. प्रत्येक फाइलच्या नावाच्या सुरुवातीलाच वर्ष, महिना, दिवस या क्रमानं तारीख लिहिली जाईल : '२०११-०५-०८ सांगली आजीची पंचाहत्तरी'. हा क्रम १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकातला आहे आणि त्यामुळं नावं लावली की काळही आपोआप ओळीत लागतो. आपण कॉपीवर कॉपी करा, शिक्क्यांवर शिक्के मारा, आपली शाई नावापर्यंत पोचत नाही.

नाव पुसण्याचे अधिकार निरोप पोचवणाऱ्या खात्याकडे आहेत, याची आम्हांला कल्पना आहे. त्या खात्याला स्वतंत्र पत्र पाठवत आहोत, आणि ते फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून.

आपला,
घरातले फोटो सांभाळणारा एक बिनपगारी कारकून