मिक्सर नव्हता तो, वहिनी

नाही हो वहिनी, मिक्सर नव्हता तो. भर दुपारी तीनला कोण वाटण वाटत बसतंय? आमची धाकटी मोटरी फिरवून बघायली होती. पाण्याची मोटर नाही ओ, पाणी आमच्याकडं तरी कुठं आलंय! आपल्या लाइनीचा वार उद्या म्हणायलेत, आलं म्हणजे खरं. ह्या मोटरी इंच-सव्वा इंचाच्या, अशा चार. ड्रोन केलाय तिनं. चार पंख्यांचं असतं ना, क्वाडकॉप्टर, ते.

बघा, तुमचा चेहराच उतरला. कोपऱ्यावरच्या काकूंनी तर परवा विचारलंच मला, "रात्रीचं फिरतं ते तुमच्याच घरात करायलेत का?" आता काय बोलावं! २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडं रात्री ड्रोन दिसायलेत म्हणून गावंच्या गावं जागी होती. मराठा आंदोलनाच्या आंतरवाली सराटीवर ड्रोन फिरला म्हणून विधानसभेत गाजलं. तेव्हापासून ड्रोन म्हणलं की लोकांना एक तर चोर आठवतो, नाही तर पाळत. हिच्या यंत्राला तर कॅमेरासुद्धा नाही. आणि कुणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय ते कळायला आमच्या घरात ड्रोन कशाला लागतो, मी आहे ना.

तयार का नाही आणून दिला, असं हे पण म्हणले होते. पण फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातला तयार ड्रोन मागवायला सरकारनंच बंदी घातलीय. सुटे भाग मात्र मागवता येतात. आणि खरं सांगू का, मलाच तयार नको होता. हिच्या दादाची रिमोटची गाडी अजून माळ्यावर पडून आहे, आत काय बिघडलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. स्वतः जोडलेलं पडलं तर निदान काय तुटलं ते तरी कळतं. खर्च? रिमोट-चार्जर धरून दहा-पंधरा हजारांच्या घरात जातं. हो, कमी नाही. पण दिवाळीला मोबाईल मागत होती, त्याच्यापेक्षा बरं म्हणलं.

सांगाडा प्लॅस्टिकचा आहे, एफ-४५०. तिरप्या समोरच्या दोन मोटरींमधलं अंतर ४५० मिलिमीटर म्हणून ते नाव. दोन हात लाल, दोन पांढरे. मला वाटलं शोभेला, पण नाही, लांब गेल्यावर तोंड कुठलं नि पाठ कुठली ते त्या रंगावरनं ओळखायचं. मोटरीवर लिहिलेलं १००० केव्ही. मी घाबरलेच, म्हणलं घर जाळते का काय! तर म्हणे, एका व्होल्टला मिनिटाला हजार फेरे. बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे मोकळी मोटर मिनिटाला अकरा हजारांच्या वर फिरते. तुम्ही ऐकलं ते हेच.

पंखे नव्हते लावलेले. तेवढं तुम्ही कोपऱ्यावरच्या काकूंना आवर्जून सांगा. दहा इंची पाती आहेत, बोट मध्ये आलं तर टाकेच. घरात बॅटरी जोडलेली असली की पंखे काढलेले पाहिजेत, हा नियम माझा. स्पीड कंट्रोलर जुळवायचे असोत, मोटरीची दिशा बघायची असो, आधी पंखे काढून माझ्या हातात द्यायचे. ती चिडते, पण देते.

जोडणीत मात्र हे रमले बघा. जन्म वाळूजच्या कंपनीत गेला, रिटायर झाल्यापासनं पेपरातल्या जाहिरातीसुद्धा वाचून काढायलेत. पैठण गेटला मोबाईलवाल्यांच्या गल्लीतनं सोल्डरिंगचं सामान आणलं नि पोरीला शिकवलं, डाख चमकला पाहिजे, मळकट दिसला तर आत धरलाच नाही समज. स्क्रू सगळे आधी ढिले लावायचे, मग तिरपे-तिरपे आवळायचे. एका मोटरीचा स्क्रू बोटाच्या पेराभर लांब निघाला तर तो ह्यांनी बसूच दिला नाही. लांब स्क्रू आत जाऊन तांब्याच्या वेटोळ्यांना टेकतो म्हणे, नि मोटर जळते. पाच मिनिटांचं काम हे दोघं संध्याकाळपर्यंत पुरवायचे. चहा किती झाला ते विचारू नका.

बॅटरीचं मात्र मला अजून टेन्शन आहे. लिथियम पॉलिमर. आत तीन खाने, एकेक ४.२ व्होल्टच्या वर चढवायचा नाही नि साडेतीनच्या खाली उतरू द्यायचा नाही. तीनही खाने सारखे भरणारा चार्जर वेगळा येतो, मोबाईलचा चालत नाही. चार-आठ दिवस वापरायची नसली तर ३.८ वर आणून ठेवायची, पूर्ण भरलेली नाही. फुगली की तिचं आयुष्य संपलं, दाबून बघायचं नाही, टोचायचं तर नाहीच, पेट घेते. म्हणून चार्जिंग मागच्या पडवीत फरशीवर. बाजूला वाळूची बादली, समोर माणूस. रात्री लावून झोपायचं नाही. एवढं सगळं करून ते वर राहतं किती? सात-आठ मिनिटं!

चार पंखे कशाला, हे मी पण विचारलं होतं. दोन पंखे एकीकडं फिरतात, दोन उलटे. तिरप्या समोरच्या जोडीची दिशा एक. चारी एकाच बाजूला फिरवले तर सांगाडा भोवऱ्यासारखा उलटा गरगरतो. पुढं जायचं तर मागचे दोन जोरात फिरवायचे, म्हणजे ते नाक खाली करून पुढं सरकतं. वळायचं तर एक तिरपी जोडी वाढवायची, दुसरी कमी करायची. बाकी ना शेपूट, ना पंख. हे सगळं डोकं मधला बोर्ड चालवतो. त्याच्यावरचा जायरो एका सेकंदात शेकडो वेळा बघतो की कुठली बाजू कलली, नि त्या बाजूच्या मोटरीला जोर देतो. माणसाच्या हाताला हे जमणं शक्य नाही.

आणि कल्पना जुनी आहे बरं का. १९०७ ला फ्रान्समध्ये ब्रेगे नावाच्या भावांनी चार पंख्यांचं असंच यंत्र केलं. माणसाला घेऊन ते दोन फूट वर पण आलं, पण चार कोपऱ्यांना चार माणसं धरून उभी! सोडलं तर कलंडणार. पुढं १९२२ ला अमेरिकेत बोथेझाट म्हणून एकानं केलेलं उडालं, पण चालवणाऱ्याची दमछाक व्हायची नि लष्करानं नाद सोडला. मग इतक्या वर्षांनी ते घरोघर कसं आलं? तर मोबाईलमुळं नि व्हिडिओ गेममुळं जायरो स्वस्त झाले. निनटेंडोच्या गेमचा हातातला रिमोट येतो ना, तो फोडून हौशी लोकांनी त्याचा जायरो ड्रोनला बसवला. असली खबर मला आवडते बघा.

'थ्री इडियट्स' बघितलाय ना तुम्ही? त्यातला होस्टेलच्या खिडकीपर्यंत जातो तो ड्रोन खराच उडवलाय. आयआयटी मुंबईतनं निघालेल्या पोरांनी केलेला. आयडियाफोर्ज त्यांची कंपनी, २००७ ची, आता नवी मुंबईत. २०२३ ला तिचे शेअर पण बाजारात आले. ह्यांनी तेवढंच ऐकलं नि लगेच म्हणले, बघ, शिक. मी म्हणलं, शेअरचं नंतर, आधी हिचं जमिनीवरनं उठू द्या. मला तर ते अमोल यादव जास्त आठवतात. कांदिवलीला चारकोपच्या बिल्डिंगीच्या गच्चीवर सहा माणसांचं विमान बांधलं त्यांनी! २०१६ ला मुंबईत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी बघितलं ते. खालच्या मजल्यावरच्यांनी किती वर्षं ठोकाठोक ऐकली असेल, सांगा. तुम्ही नशीबवान, तुमच्या वाट्याला फक्त मोटरी आल्यात.

तर जोडून झालं. खरी गंमत पुढं आहे. उडवायचं कुठं?

आपण राहतो संभाजीनगरच्या सिडको एन-टूमध्ये. गच्चीत उभं राहिलं तर उतरणाऱ्या विमानाची चाकं मोजता येतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत असं आहे की विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. सिडको, मुकुंदवाडी, गारखेडा सगळं आलं त्यात. आठ ते बाराच्या मध्ये दोनशे फुटांपर्यंत मोकळीक, त्याच्या पलीकडं चारशे. दुसऱ्या अंगाला छावणी, ती लष्कराची. मकबरा, देवगिरीचा किल्ला, तिथं पुरातत्त्वची परवानगी पाहिजे. म्हणजे ह्या गावात ड्रोन घरी करता येतो, पण घरासमोर उडवता येत नाही! नकाशा आहे त्याचा, लाल-पिवळा-हिरवा. पोरीनं तो उघडून दाखवला तेव्हा ह्यांचं तोंड बघायचं होतं.

लायसन्स नाही लागत तिला. वजन बॅटरीसकट किलोच्या थोडं वर, म्हणजे 'मायक्रो', दोन किलोच्या आत. हौसेसाठी असलं तर त्याला पायलटचं सर्टिफिकेट नको. पण पोर्टलवर नोंदवून नंबर घ्यायचा, शंभर रुपये फी. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत. मला विचाराल तर हे नियम बरे म्हणायचे, २०२१ च्या आधी तर हौशी माणसाला कागदंच पुरत नव्हती.

मग माझा भाऊ आहे ना, बिडकीनच्या पुढं, त्याचं तुरीचं रान मोकळं झालं होतं. तो आधी पोलीस पाटलाला सांगून आला, भाची येणार आहे, दिवसा उडवणार आहे, काठ्या आणू नका. आम्ही पहाटेच निघालो, ऊन चढलं की तिकडं वारा सुटतो. पहिल्या वेळी काय झालं? उठलं नाही, जागच्या जागी कुशीवर उलटलं. दोन पाती तुटली. हे लगेच बोर्ड उघडायला निघाले, पोरगी म्हणली थांबा. तर एका बाजूला उलट्या दिशेचे पंखे लागलेले, वारा खाली ढकलायच्या ऐवजी वर ढकलायले! नवशिक्याचं हे ठरलेलंच म्हणे. पंखे बदलले नि मग उठलं. छातीपर्यंत गेलं, डुललं जरा, थांबलं. पाठ आपल्याकडं ठेवून एवढंच करायचं, वर, थांब, खाली. घरी कॉम्प्युटरवर सराव केला होता तिनं, तरी हात कापत होते. पोलीस पाटील आले होते बघायला, नि त्यांच्या मागं निम्मी शाळा. पाटलांचा पहिला प्रश्न, फवारणीला चालतं का? नाही ओ, दहा लिटरचा डबा उचलणारा वेगळा असतो, बचत गटाच्या बायकांना मिळायलाय तो.

तुमच्या पुतणीच्या साखरपुड्याचं शूटिंग? अहो कॅमेराच नाही म्हणलं ना. आणि पैसे घेऊन केलं की ते हौसेत बसत नाही, मग सर्टिफिकेट लागतं, नि हॉल कुठला? जालना रोडचा? झालं, विमानतळाच्या कुशीत. फोटोग्राफर बघा सरळ.

तुमच्या लेकाला मात्र पाठवा रविवारी, सहाला निघायचंय. चप्पल नको म्हणावं, बूट घालून ये, नि उडत असताना मध्ये पळायचं नाही. डबा देऊ नका, भावजय भाकरी करणार आहे.